वातानुकूलन यंत्राची गळती आणि घरातील बुरशी

शेताला पाणी देणे एकवेळ सोपे, परंतु नको असलेले पाणी वेळीच बाहेर काढणे कठीण. निचरा बिघडलेल्या जमिनीत मुळांना हवा मिळत नाही, ती कुजू लागतात आणि उभे पीक मान टाकते. मग कितीही औषध घातले तरी चर काढून पाण्याला वाट करून दिल्याखेरीज गुण येत नाही. ही गोष्ट आपल्या शेतकऱ्यास नव्याने सांगावयास नको. जो न्याय शेताला, तोच घरालाही लागू आहे, हे मात्र पुष्कळदा ध्यानात येत नाही.

वातानुकूलन यंत्र, ज्यास आपण सर्रास एसी म्हणतो, ते आता शहरापुरते राहिलेले नाही. वडीलधाऱ्यांसाठी, आजारी माणसासाठी किंवा उन्हाळ्यात चार घटका निवांत झोप मिळावी म्हणून गावातील घरांतही एखाद्या खोलीत ते बसविलेले दिसते. या यंत्राबरोबर घरात पाण्याचा एक नवा झरा येतो. त्या झऱ्याचा निचरा नीट न झाल्यास भिंतीवर बुरशी कशी येते, तिच्यापासून माणसांना व साठविलेल्या धान्याला कोणता धोका संभवतो आणि ती काढताना कोणती खबरदारी घ्यावी, याचा विचार या लेखात केला आहे.

एका घराचे उदाहरण

असे समजू की, एका घरात आजोबांच्या खोलीत हे यंत्र बसविले आहे. ज्या भिंतीवर ते आहे, तिच्या पलीकडे धान्याची खोली आहे. तेथे बियाण्यासाठी राखलेल्या भुईमुगाच्या शेंगांची पोती भिंतीला टेकवून रचलेली आहेत. श्रावणात यंत्राखाली भिंतीवर पिवळसर डाग दिसू लागतो. खाली एक वाटी ठेवली जाते. भाद्रपदात त्या डागाभोवती काळे ठिपके उमटतात, रंगाचे पोपडे निघतात आणि खोलीत कुबट वास भरतो. दिवाळी जवळ आल्यावर भिंत खरवडून तिच्यावर रंगाचा हात मारला जातो. भिंत चांगली दिसते. पण तुळशीचे लग्न होते न होते तोच ठिपके पुन्हा वर येतात. आजोबांजवळ झोपणाऱ्या नातवाचा खोकला काही थांबत नाही. पलीकडच्या खोलीतील पोत्यांकडे तर कोणाचे लक्षही गेलेले नसते.

या घराने श्रम केले, पैसाही खर्च केला. परंतु तो सारा ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ अशा प्रकारचा झाला. दोष पाण्यात होता आणि उपाय रंगावर झाला.

हे पाणी येते कोठून?

थंड पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो, हे सर्वांनी पाहिले आहे. तांब्यातील पाणी बाहेर झिरपत नाही. हवेतील बाष्प थंड धातूला लागून त्याचे थेंब होतात. वातानुकूलन यंत्रातही हेच घडते. त्याच्या आतील नळ्या अतिशय थंड असतात. खोलीतील दमट हवा त्यांवरून गेली म्हणजे बाष्पाचे पाणी होते, ते खालच्या तबकात साठते आणि एका बारीक नळीने घराबाहेर जाते. दीड टनाचे यंत्र दमट हवेत तासाला एक ते दोन लिटर पाणी हवेतून काढू शकते. रात्रभर यंत्र चालले तर बादलीभर पाणी सहज होते.

येथे एक जुनी हकिकत सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतील विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने १९०२ साली ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी अशा यंत्रणेचा आराखडा केला, तो माणसांना गारवा मिळावा म्हणून नव्हे. दमट हवेमुळे कागद फुगत असे व रंगीत छपाईचे ठसे जुळत नसत; तेव्हा हवेतील ओल काढणे हा त्याचा मूळ उद्देश होता. जे यंत्र ओल काढण्यासाठी जन्मास आले, तेच निचरा बिघडल्यावर घरात ओल आणते, हे लक्षात ठेवावे.

निचरा बिघडण्याची कारणे

पहिले आणि सर्वांत नित्याचे कारण म्हणजे नळी तुंबणे. हवेतील धूळ व पाण्यात वाढणारे शेवाळ यांचा बुळबुळीत थर नळीत साचतो. नळीच्या बाहेरच्या तोंडात कधी कीटक मातीचे घरटे करतात. ते तोंड बादलीतील पाण्यात बुडलेले असले तरी पाणी नीट उतरत नाही.

दुसरे कारण चुकीचा उतार. पाटाचे पाणी चढावर जात नाही, तसेच नळीचेही आहे. नळीला दर मीटरमागे किमान एक सेंटिमीटर उतार असावा आणि मध्ये कोठेही झोळ पडलेला नसावा. यंत्रच तिरपे बसविले असेल तर तबकातील पाणी उलट बाजूने भिंतीवर ओघळते.

तिसरे कारण मळलेली जाळी. हवा गाळणारी जाळी धुळीने भरली की नळ्यांवरून पुरेशी हवा जात नाही आणि त्यांवर बर्फ धरते. यंत्र बंद केल्यावर तो बर्फ एकदम वितळतो व पाणी तबकात मावत नाही. यंत्रातील शीतक वायू कमी झाला तरी असाच बर्फ धरतो.

चौथे कारण सहसा लक्षात येत नाही. यंत्राकडून बाहेर जाणाऱ्या तांब्याच्या नळीवरील स्पंजाचे वेष्टण फाटले तर त्या नळीलाच घाम सुटतो आणि भिंतीच्या भोकातून ओल आत मुरते.

बुरशी म्हणजे काय?

द्राक्षावरील भुरी, गव्हावरील तांबेरा, भातावरील करपा या सर्व बुरशींच्याच करामती आहेत. भिंतीवरील बुरशी त्यांच्याच मोठ्या कुळातील होय. तिचे सूक्ष्म बीजाणू हवेत सर्वत्र तरंगत असतात. ते घरात येऊ न देणे कोणालाही शक्य नाही. त्यांना खाद्यही हवे तेवढे मिळते. रंगातील चिकट पदार्थ, प्लायवूड, कागद, कापूस, चामडे, भिंतीवरची धूळ यांपैकी काहीही त्यांस चालते. उणीव असते ती फक्त पाण्याची. ते मिळाले की २४ ते ४८ तासांत वाढ सुरू होऊ शकते. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. गळती दिसताच दोन दिवसांच्या आत भिंत कोरडी केली तर बुरशी बहुधा येतच नाही. आणि पाणी चालू ठेवून कितीही सफाई केली तरी ती परत आल्याशिवाय राहत नाही.

भिंतीवरील प्रत्येक डाग बुरशीचा नसतो. विटांतील क्षार पाण्याबरोबर वर येऊन पांढरी पूड धरते, त्यास लोणा लागणे म्हणतात. त्या पुडीवर पाण्याचा थेंब टाकल्यास ती विरघळते; बुरशी विरघळत नाही. मात्र लोणा हीदेखील ओलीचीच खूण आहे, हे विसरू नये.

आणखी एक गैरसमज दूर करावयास हवा. २०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर ‘काळी बुरशी’ या नावाने म्युकरमायकोसिस हा रोग घरोघरी ठाऊक झाला. भिंतीवर काळे ठिपके दिसताच पुष्कळांना तोच रोग आठवतो. वस्तुतः तो रोग होणारी बुरशी वेगळ्या गटातील आहे, आणि अनियंत्रित मधुमेह किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसांनाच तो मुख्यत्वे होतो. भिंतीवरील बुरशीच्या रंगावरून ती किती घातक आहे, हे ठरविता येत नाही. काळी असो, हिरवी असो की पांढरी, ती काढलीच पाहिजे.

माणसांना होणारा त्रास

बुरशीचे बीजाणू व तिचे बारीक कण श्वासाबरोबर आत गेल्याने शिंका, नाक वाहणे, डोळ्यांची जळजळ, खोकला व छातीत घरघर असे त्रास होतात. दमेकऱ्याचा दमा उसळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. ओलसर घरांत राहणाऱ्यांमध्ये श्वसनाचे विकार व दमा यांचे प्रमाण अधिक आढळते, असे त्यांत नमूद आहे. हवेत अमुक इतकी बुरशी असली तर चालेल, अशी निश्चित मर्यादा सांगता येत नाही. म्हणून ओल होऊ न देणे हाच खरा उपाय, असाही त्यांचा निष्कर्ष आहे.

शेतकऱ्यास तर या बाबतीत अधिक सावध राहावयास हवे. बुरसलेले गवत उपसल्यानंतर काही तासांनी ताप, खोकला व धाप लागते, ही गोष्ट इंग्लंडमधील एका डॉक्टराने १९३२ साली नोंदविली. पुढे या विकारास ‘शेतकऱ्याचे फुफ्फुस’ असेच नाव पडले. दिवसा भुसा व कडबा यांची धूळ आणि रात्री बुरसलेल्या खोलीतील हवा, असा दुहेरी भार छातीवर पडू देऊ नये. खोकला दोन-तीन आठवडे हटत नसेल तर डॉक्टरांना दाखवावे, आणि घरात ओल आहे हेही त्यांस आवर्जून सांगावे.

भिंतीपलीकडचे धान्य

वरील उदाहरणातील भुईमुगाच्या पोत्यांकडे आता वळू. भिंतीवरची बुरशी उडून धान्यात जाते, एवढाच येथे प्रश्न नाही. भिंतीतील ओल पोत्यात शिरते, हा खरा धोका आहे. ओलसर भुईमूग व मका यांवर ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची हिरवट-पिवळी बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण करते. हे विष यकृतास अत्यंत घातक असून त्यामुळे यकृताचा कर्करोगही होऊ शकतो. नेहमीच्या शिजवण्याने किंवा भाजण्याने ते पूर्णपणे नष्ट होत नाही. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांत बुरसलेला मका खाण्यात आल्याने शंभराहून अधिक माणसे दगावली. भुईमूग व मका पिकविणाऱ्या प्रत्येकाने ही घटना स्मरणात ठेवण्यासारखी आहे.

याकरिता गळती दिसताच भिंतीच्या दुसऱ्या अंगाची खोलीही तपासावी. पोती भिंतीपासून दीड-दोन फूट दूर व लाकडी फळ्यांवर ठेवावीत. भुईमुगाच्या शेंगांत ८ ते ९ टक्क्यांहून अधिक ओलावा नसावा; चांगली वाळलेली शेंग कानाशी हलवली असता आतील दाणे खुळखुळतात. बुरशी लागलेले दाणे स्वतः खाऊ नयेत, तसेच ‘जनावरांना चालतील’ असे म्हणून गाई-म्हशींनाही घालू नयेत. ते विष दुधात उतरते, आणि ते दूध अखेर घरच्या मुलांच्याच पोटात जाते.

कामाचा क्रम

प्रथम वीज बंद करावी. नुसत्या रिमोटने यंत्र बंद करून भागत नाही. त्या यंत्राचा मुख्य स्विच पाडावा. पाणी स्विचबोर्डापर्यंत ओघळले असेल तर त्यास हात न लावता वायरमनला बोलवावे. यंत्राचे आतील भाग स्वतः उघडू नयेत.

नंतर पाण्याला वाट करून द्यावी. नळीचे बाहेरचे तोंड मोकळे करावे आणि यंत्राच्या मिस्त्रीकडून तबक व नळी साफ करून घ्यावी. मिस्त्री जाण्यापूर्वी त्याला तबकात लिटरभर पाणी ओतावयास सांगावे. ते सर्व पाणी बाहेर पडताना स्वतः पाहावे. ही परीक्षा झाल्याखेरीज काम पुरे झाले असे मानू नये. बाहेर पडणारे पाणी घराच्या पायाशी मुरू न देता दूर न्यावे. बादलीत साठवीत असल्यास बादली रोज रिकामी करावी, नाही तर तीत डासांची पैदास होते. हे पाणी फुलझाडांना चालेल. पिण्यास वापरू नये.

त्यानंतर बुरशी काढावी. सुमारे ३ फूट लांब व ३ फूट रुंद एवढ्या जागेपर्यंत बुरशी असेल, तर घरच्या घरी सफाई करण्यास हरकत नाही. त्याहून अधिक असेल, छताच्या आत पसरली असेल किंवा गळती फार दिवसांची असेल, तर जाणकार माणसाकडून काम करून घेणे श्रेयस्कर. दमेकरी, गरोदर स्त्रिया, लहान मुले व प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसे यांनी त्या वेळी खोलीत थांबू नये. काम करणाऱ्याने एन-९५ मुखपट्टी, रबरी हातमोजे व डोळ्यांवर बंद चष्मा घालावा. नाकाला नुसता रुमाल बांधून बीजाणू अडत नाहीत. घराच्या आतील दार लावून घ्यावे, बाहेरची खिडकी उघडावी आणि पंखा बंद ठेवावा, कारण वाऱ्याने बीजाणू घरभर उडतात.

कोरड्या भिंतीवर झाडू किंवा खरवडणी मुळीच चालवू नये. आधी साबणाच्या पाण्यात बुडविलेल्या फडक्याने जागा ओली करावी, मग घासून पुसून काढावी आणि स्वच्छ पाण्याच्या फडक्याने पुन्हा पुसावी. सुटलेले पोपडे ओले करूनच काढावेत. वापरलेली फडकी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाकून द्यावीत. भिजून बुरसलेली गादी, उशी, पुठ्ठा किंवा छताचे जिप्समचे पत्रे स्वच्छ होत नाहीत. त्यांचा मोह सोडावा. काम संपल्यावर अंघोळ करून अंगावरचे कपडे वेगळे धुवावेत.

अखेरीस भिंत वाळू द्यावी. बुरशी काढल्यानंतर पंखा लावण्यास हरकत नाही. पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट असते; तेव्हा रात्रंदिवस खिडक्या उघड्या टाकण्यापेक्षा दुरुस्त झालेले यंत्र ‘ड्राय’ या खुणेवर चालविणे अधिक उपयोगी पडते. भिंत आतून वाळली की नाही, हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावावा व एक दिवस तसाच ठेवावा. भिंतीकडच्या बाजूस थेंब दिसले तर भिंत अजून ओली आहे असे समजावे. ती पुरती वाळल्यावरच रंग द्यावा. साध्या गिलाव्याच्या भिंतीस चुन्याची सफेदी उत्तम; चुना क्षारधर्मी असल्याने त्यावर बुरशी सहजी धरत नाही आणि भिंतीतील ओलही बाहेर पडू शकते.

तीन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात

पहिली गोष्ट अशी की, ब्लीच व ॲसिड कधीही एकत्र करू नये. ब्लीचमध्ये फरशी धुण्याचे ॲसिड किंवा व्हिनेगर मिसळल्यास क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. अमोनियायुक्त द्रावणाशी संयोग झाल्यासही घातक वायू तयार होतात. बंद खोलीत यामुळे जीव धोक्यात येतो. बुरशीसाठी बहुधा साबणाचे पाणीच पुरेसे होते. फरशीसारख्या गुळगुळीत जागेवर ब्लीच वापरावयाचेच झाले, तर चार लिटर पाण्यात २४० मिलिलिटरहून अधिक घालू नये आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. यंत्राच्या आत ब्लीच ओतू नये. त्याने धातूच्या नळ्या झिजतात. विहिरीसाठी आणलेली ब्लीचिंग पावडर युरिया व अन्य खतांजवळ साठवू नये.

दुसरी गोष्ट, पिकावरील बुरशीनाशके भिंतीवर फवारू नयेत. घरात मॅन्कोझेब किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइडचा डबा असतो, तेव्हा ‘बुरशी ती बुरशी’ असे म्हणून तोच वापरण्याचा मोह होतो. ही औषधे डब्यावर लिहिलेल्या पिकांसाठी व उघड्या शेतासाठी आहेत. माणसे झोपतात त्या खोलीसाठी नव्हेत. फवारणीचा पंपही या कामी वापरू नये.

तिसरी गोष्ट, बुरशीवर रंग चढवू नये. मेलेल्या बुरशीचे कणही श्वासातून त्रास देतात, आणि रंगाखाली ओल कोंडली की नवी बुरशी लवकरच वर येते.

वर्षाची आखणी

शेतीच्या कामांना जसे वेळापत्रक असते, तसेच याही कामाला असावे. होळीनंतर यंत्र पुन्हा सुरू करण्यापूर्वी मिस्त्रीकडून ते एकदा साफ करून घ्यावे. वापर चालू असता दर पंधरवड्यास जाळी काढून पाण्याने धुवावी व सावलीत वाळवून बसवावी. मृगाच्या आधी नळीचा उतार व वेष्टण तपासावे. यंत्र २४ ते २६ अंशांवर ठेवावे. १ जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रे मुळात २४ अंशांवरच सुरू होतील अशी योजना देशात केलेली आहे. त्याहून फार गारठा केल्यास भिंती थंड पडून त्यांनाच घाम सुटतो, शिवाय वीजही अधिक लागते. कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढावीत. विदर्भ-मराठवाड्यात जेथे कूलर वापरतात, तेथे समोरची एक खिडकी उघडी ठेवावी, म्हणजे दमट हवा कोंडून राहणार नाही. शक्य असल्यास एक छोटा आर्द्रतामापक आणावा आणि घरातील सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत राहील असे पाहावे.

या सर्व कामांत मोठा खर्च असा कोणताच नाही. यंत्राखाली पहिला थेंब दिसेल त्या दिवशी वाटी न ठेवता नळी पाहावी, एवढे पथ्य पाळले तरी निम्मे काम झाले. आपण शेतातील चर पावसाच्या तोंडावर स्वच्छ करतो, कारण साचलेले पाणी पिकाचे काय करते हे आपण डोळ्यांनी पाहिलेले असते. घरातील ही बोटभर नळी त्या चराइतकीच महत्त्वाची आहे. तिच्या निचऱ्यावर भिंतीपलीकडचे बियाणे आणि भिंतीअलीकडे झोपलेले मूल, या दोहोंचे आरोग्य अवलंबून आहे.